आईला तोंडी सांगितलेली मालिका

आमच्या रत्नागिरीत तेव्हा संध्याकाळी सात ते साडेनऊ लाइट नसायचे. भारनियमन म्हणे. नियम कसला डोंबलाचा, रोज उठून मेणबत्त्या शोधायच्या. आणि सगळ्या महाराष्ट्राला रडवणारी ती मालिका लागायची बरोब्बर आठला. अख्खा महाराष्ट्र रुमाल घेऊन बसलेला असताना आमची आळी अंधारात डास मारत बसलेली. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला परत दाखवत, पण तेव्हा आई ऑफिसात. ती सरकारी कचेरीत क्लार्क होती. बाबा नोकरीला मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला उगवणार. घरात आम्ही दोघीच. मग दुपारचा भाग मी बघायचा आणि आई सहाला आली, की चहा पिता पिता तो तिला सांगायचा, हे आपोआपच ठरून गेलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. म्हणजे झाडून सगळ्या गोष्टींना नावं ठेवायचं वय, आणि ठेवायला समोर ही मालिका. त्या घरात एवढा मोठा जिना, पण वरती कुणाला काही काम असल्याचं मी कधी पाहिलं नाही. पुरुष सूट घालून दिवसभर सोफ्यावर. बायका झोपतानासुद्धा नथ घालून. सासू काही वाकडं बोलली, की विजा कडाडणार आणि घरातल्या प्रत्येकाचं तोंड एकेकदा दाखवणार. सून, दीर, नणंद, मोलकरीण. एकदा मी म्हटलं, आता देवघरातल्या गणपतीचं तेवढं राहिलं. तर दाखवलं की हो!

आईची गोष्ट वेगळी. तशी हुशार बाई. साहेबांच्या पत्रातल्या चुका साहेबांना दाखवून यायची. पण ह्या मालिकेपुढं तिची अक्कल कुठं जायची कोण जाणे. नायिकेला आम्ही घरात नुसतं ‘ती’ म्हणायचो. चपला काढता काढताच आई विचारायची, “तिचं काय झालं गो आज?” मग मी सासूचा आवाज काढून, पदर खोचून, विजेसकट सगळा भाग करून दाखवायची. आई बशीतला चहा तसाच धरून बसायची आणि मध्येच “हात मेला!” म्हणून कुणालातरी झोडपायची. चेष्टा मी करायची आणि जीव ती लावायची, अशी आमची वाटणी होती.

आता मामाचं सांगते. आईचा थोरला भाऊ. तो वाईट माणूस असता, तर सगळं फार सोपं झालं असतं. पण तसा तो नव्हता, हीच तर पंचाईत. आरे-वारेच्या पुढं, एसटीनं तासाभरावर त्याचं गाव, म्हणजे आईचं माहेर. दर भाऊबिजेला आईला साडी आणायचा. तिला अजिबात न शोभणाऱ्या रंगाची, पण आणायचा. मे महिन्यात आंब्याची पेटी धाडायचा. आणि गौरीजेवणाला तिला नेमानं बोलवायचा. आमच्याकडे गौरीला घावन-घाटलं असतं. तांदळाची जाळीदार घावनं आणि गुळाचं, नारळाच्या रसातलं घाटलं. ते खायला आई वर्षभर थांबायची. घरी तीही करायची, पण म्हणायची, “वहिनीच्या हातचं निराळं.” बहिणीला द्यायचं ते एवढंच, अशी मामाची समजूत होती आणि तेवढं तो अगदी मनापासून देत होता.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारच्या मे महिन्यात, मामानं पेटी एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडली. बुधवारी संध्याकाळी मी स्टँडवरून आणली. फळ्या उचकटल्या, वरचा पेंढा बाजूला केला, तर आंब्यांवर प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत हक्कसोडपत्र. आजोबा गेल्यावर बागेच्या सातबाऱ्यावर मामाबरोबर आईचंही नाव लागलं होतं. ते तिनं राजीखुशीनं सोडून द्यावं, असा तो कागद. बरोबर चिठ्ठी: ‘वाचून ठेव. सोमवारी येतो, निबंधकाकडे जाऊन सही करून टाकू. नुसती रीत आहे. आंबे अजून दोन दिवस पेंढ्यातच राहू देत. डागी निघाले तर आधी संपव.’ म्हणजे बहिणीच्या हक्कापेक्षा डागी आंब्यांची काळजी जास्त. मी तणतणले. आईनं पिशवी पुसली आणि कपाटावर ठेवून दिली.

आमच्या भागात बहिणी सही करतातच. कुणी धाक घालत नाही, कुणी ओरडत नाही. भाऊ गोड बोलून घेऊन जातो, सही झाली की वाटेत उसाचा रस पाजतो आणि बहीण घरी येऊन म्हणते, दादा किती करतो माझं! जी करत नाही, ती भावाच्या मुळावर उठलेली. सही केली तर आईची आंब्याची कलमं जाणार होती आणि नाही केली तर माहेर जाणार होतं. मधली वाटच नव्हती.

आणि ती कलमं काही अशीतशी नव्हेत. आजोबांनी कातळ फोडून ती लावली, तेव्हा आई दहा-बारा वर्षांची. मामा शिकायला रत्नागिरीत. खालच्या विहिरीवरून कळशीनं पाणी वर चढवायचं काम आईचं. उन्हाळाभर, सकाळ-संध्याकाळ, अनवाणी. “ती झाडं मी जगवल्येत,” हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. मामासमोर मात्र तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं.

मी तिला सरळ सांगून पाहिलं, “करू नको सही.”

“तू गप्प बस. मोठ्यांच्यात नाक खुपसू नको.”

बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, “तुझं माहेर, तुझं तू बघ.” आणि पावसापूर्वी कौलं शाकारून घ्यायची आठवण करून त्यांनी फोन ठेवला.

आता योगायोग बघा. मालिकेतल्या ‘ती’लाही एक भाऊ होता आणि त्यालाही बापाचं घर एकट्याच्या नावावर हवं होतं. तीन आठवडे कागद टेबलावर पडून होता. शुक्रवारी दुपारी मी टीव्ही लावला आणि त्या दिवशी तिनं सही केली. केली म्हणजे काय, अख्खा भाग तेच. पेन उचललं, वीज. टोपण काढलं, वीज. डोळ्यातला थेंब कागदावर पडला, तो तीन बाजूंनी दाखवला. मग सही. मग भाऊ पायाशी, आणि ही बया त्याला उठवून म्हणते कशी, “माझा भाऊ हीच माझी इस्टेट!” मागं सनई. मी टीव्हीसमोर उभी राहून म्हटलं, “मर मग!”

सहाला आई आली. चपला न काढताच दारात उभी. “तिनं सही केली?”

मी आईकडं पाहिलं, कपाटावरच्या पिशवीकडं पाहिलं आणि म्हटलं, “छे! फाडला कागद. टराटरा.”

“काय सांगत्येस!”

“अगं हो ना. आणि भावाला म्हणाली, ही झाडं मी जगवल्येत.”

त्या मालिकेत झाड नव्हतंच. जिन्याखाली एक कुंडी होती, तीही प्लास्टिकची. पण आईनं झाडं कुठली, असं काही विचारलं नाही. “आणि भाऊ?” म्हणाली.

“भाऊ गप्प. काय बोलणार? खरं तेच होतं.”

आईनं चहा घेतला आणि नेहमीसारखं कुणाला मेला-बिला काही म्हटलं नाही.

सोमवारी मामा आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. आई ओटीवर आली, पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “दादा, मी नाही करणार सही. ती झाडं मी जगवल्येत.” माझं वाक्य! शब्दन् शब्द! मामा आधी हसला. मग आई हसत नाही, हे त्याला दिसलं. “हे कुणी शिकवलं तुला?” असं आईला विचारताना तो माझ्याकडं बघत होता. मी मांजराकडं बघत बसले. त्यानं पाणी घेतलं नाही. उंबऱ्याशी थांबून म्हणाला, “बरं. कलमं घे तू.” आणि गेला. माहेर गेलं, हे निराळं सांगायची गरज राहिली नाही.

आणि माझी खरी गोची झाली ती पुढं. मी नायिकेला कागद फाडायला लावला होता. वाहिनीवर ती सही करून भावाच्या घरी लाडू वळत बसली होती. आता रोज दुपारी एक मालिका बघायची आणि संध्याकाळी दुसरीच सांगायची. जून गेला, जुलै गेला. कॉलेजात तासाला मी वहीच्या मागच्या पानावर संध्याकाळी ‘ती’चं काय करायचं, ते लिहीत बसायची. तिला कोर्टात घातलं. वकील म्हणून वर्गातलाच एक नाकेला मुलगा घातला. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मालिका लिहिणाऱ्यांनाही कुठं कळत होतं! कधी लाइट मध्येच पाच मिनिटं येऊन आईला खरा तुकडा दिसायचा आणि ती गोंधळायची. मी सांगून मोकळी व्हायची, ही ती नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच आहे. आई लगेच मान डोलवायची. त्या मालिकेत आधीच दोघांचे चेहरे बदलून झाले होते आणि एक जण मेलेला परत आला होता. अशा ठिकाणी खोटं बोलायला काय अक्कल लागते!

मग गणपती आले. आमचा दीड दिवसाचा. बाबा आले आणि गेले. गणपतीत भारनियमन नसतं, हे मी साफ विसरले होते. गौरीजेवणाच्या दिवशी आई ऑफिसातून लवकर आली. आल्यापासून फोन वाजला की आधी तीच धावत होती. मामाचा फोन नव्हता, माणूस नव्हता, काही नव्हतं. घरी तिनं घावन-घाटलं केलं नाही. वरण-भात लावला. आठ वाजता लाइट लखलखीत, आणि आईनं स्वतःच्या हातानं टीव्ही लावला.

पडद्यावर काय, तर पंगत. चांदीचं ताट, भोवती रांगोळी, नऊवारी नेसलेली ‘ती’ पाटावर आणि भाऊ स्वतः वाढतोय. “ताई, आणखी एक पुरणपोळी!” ती नको म्हणतेय, तो आग्रह करतोय, वहिनी तूप वाढतेय. आई वळून माझ्याकडं बघत होती. “ही तर कोर्टात भांडत्ये ना त्याच्याशी?”

“स्वप्न आहे ते,” मी म्हटलं. “तिचं. झोपलीय ती. उद्या दाखवतील बघ, दचकून उठते.”

आईनं एवढंच म्हटलं, “असं होय.” आणि ती पंगत तिनं शेवटपर्यंत पाहिली.

दिवाळीनंतर लाइटच्या वेळा बदलल्या आणि संध्याकाळी टीव्ही दिसायला लागला. मी घाबरून एका दमात कोर्टात तडजोड घडवली, भाऊ-बहिणीची गळाभेट करवली आणि माझी मालिका गुंडाळली. मामाचं आणि आईचं मात्र काही मिटलं नाही. पुढं मोजणी झाली, दगडी गडग्याच्या वरच्या अंगाची सात कलमं आईच्या वाट्याला आली. वर्षातून दोनदा ती एसटीनं जायची, झाडं बघून संध्याकाळी परत. जाताना पाण्याची बाटली घ्यायची. स्वतःच्या माहेरच्या गावाला, जिथल्या विहिरीचं पाणी तिनं कळशी-कळशीनं वर चढवलं होतं, तिथं जाताना बाटली! मला ती बाटली बघवत नसे. हिला मी सही करू दिली नाही, असं मनात यायचं. त्यात अपराध होता तसा थोडा तोराही होता, उगाच खोटं कशाला बोलू?

दोन हजार नऊच्या मे महिन्यात मी पुण्याहून आठ दिवस रजा काढून घरी आले. आई रिटायर झाली होती, घरात इन्व्हर्टर आला होता. आल्या आल्या ती म्हणाली, “अगं, आपली सीरियल परत लागत्ये दुपारची. लोकाग्रहास्तव.” हे आग्रह करणारे लोक कोण, देव जाणे. पण बसले तिच्या शेजारी.

ती मालिका पुन्हा बघणं ही शिक्षा होती. पूर्वी मी नावं ठेवायची ती निदान रंगून ठेवायची. आता जांभया यायला लागल्या. तो भव्य जिना लाकडाचा नव्हताच, पाय पडला की थरथरायचा. दवाखान्यातला डॉक्टर आणि लग्नातला भटजी एकच माणूस. वाहिनीनं सगळं कापून-छाटून लावलं होतं आणि गंमत म्हणजे कुठं काही तुटल्यासारखं वाटत नव्हतं. चार महिन्यांचं कथानक चार दिवसांत आरामात बसलं. म्हणजे एकूण एक जण मान वळवून बघत होते, बाकी काहीच घडत नव्हतं. ह्याच्यासाठी आम्ही चहा गार केले! मनात म्हटलं, माझी मालिका पुष्कळ बरी होती, निदान वकील तरी बोलका होता.

मंगळवारी माझ्या लक्षात आलं, की टेबलावर कागद आलाय.

“आई, आरे-वारेला जाऊया का गं? किती दिवसांत समुद्र नाही बघितला.”

“भर दुपारी? डोकं फिरलंय तुझं?”

रिमोट तिच्या मांडीवर. पेन उचललं, वीज. टोपण काढलं, वीज. तीच सनई, तीच इस्टेट. आईनं आवाज बंद केला.

“हिनं सही केली,” ती म्हणाली.

“हो.”

“तू तर फाडला म्हणालीस.”

मग मी सगळं ओकले. कागद, कुंडी, कोर्ट, नाकेला वकील. माझ्यामुळं तू सही केली नाहीस, माझ्यामुळं तुझं माहेर तुटलं, असं म्हणून मी चक्क रडायला लागले, त्या नायिकेला लाजवेल इतकी. आईनं मला रडू दिलं आणि मग म्हणाली, “झालं? काय वाटलं तुला, टीव्हीतल्या बाईनं कागद फाडला म्हणून मी सही केली नाही? एवढी खुळी वाटले मी तुला? पेटी उघडली तेव्हाच माझं ठरलेलं. आंब्यांवर कागद घालून पाठवतो म्हणजे काय! आणि झाडं मी जगवल्येत हे तुला कुणी सांगितलेलं? मीच ना?”

पाच वर्षं जपलेला माझा अपराध आणि माझा तोरा, दोन्ही तिनं एका वाक्यात केरात टाकले. मला सुटल्यासारखंही वाटलं आणि थोडा रागही आला, हेही खरं. उठून ती फणसाच्या आठिळा सोलायला बसली.

नंतरचे दोन दिवस आम्ही दोघी मिळून मालिकेला यथेच्छ नावं ठेवली. थरथरणाऱ्या जिन्यावरून सासू उतरली, की आईच ओरडायची, “सांभाळ गो, पडशील!” मी इतकी हसले, की पोटात दुखायला लागलं.

शुक्रवारी पंगत लागली. चांदीचं ताट, रांगोळी, पाट. मला आधी आठवलंच नाही. मी म्हटलं, “बघ, बघ, पुरणपोळी कागदासारखी आहे, वाफसुद्धा नाही.” आई हसली नाही.

“हे मी पाहिलेलं,” ती म्हणाली. “गौरीच्या दिवशी. तू म्हणालेलीस, स्वप्न आहे तिचं.”

“तीही थापच होती गं.”

“होय, आता कळलं.” ती माझ्याकडं बघत नव्हती. “मला तेव्हा खरंच वाटलेलं. बरं वाटलेलं जिवाला. म्हटलं, हिलापण पडतं असलं स्वप्न.”

पडद्यावर भाऊ आणखी एक वाढत होता. मला तिथं बसवेना. मी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला, तर आईनं माझा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “जेवू दे तिला.”